मूठ मे महिन्यातच का निसटते?

प्रश्न : आजोबांची भाजी चिरायची जुनी सुरी आहे. मूठ शिसवीची. ती निसटली म्हणून मी राळ आणि मेण निम्मं निम्मं वितळवून घरीच बसवली. हिवाळाभर टिकली, पण मे लागला आणि मूठ हलायला लागली. काय चुकलं?
– एक वाचक, महाल, नागपूर

उत्तर : मसाला बरोबर, माप चुकलं. निम्मं मेण म्हणजे फारच झालं जी! मधमाशीचं मेण ६२-६४ अंशांवर वितळतं खरं, पण मऊ पडायला एवढं लागतच नाही. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ गाठतो, त्यात ओट्यावर खिडकीचं ऊन आलं की पातं हवेपेक्षाही तापतं. मेण मेणबत्तीचं वापरलं असेल तर ते आणखीच वाईट. ते बुळबुळीत, धरत नाही.

माझे वडील मुठी बसवायचे. त्यांचं माप : राळ चार भाग, मेण एक, विटेची पूड एक. राळ म्हणजे सोल्डरिंगवाले वापरतात ती पिवळी, काचेसारखी; धुपाची नव्हे. इतवारीत किराणा ओळीत विचारून बघा. पूड वस्त्रगाळ करा आणि तव्यावर कोरडी भाजून घ्या. ओल राहिली की मसाला फसफसून हातावर उडतो. माझ्या डाव्या अंगठ्यावरचा डाग त्याचाच आहे.

जुन्या डब्यात, अगदी मंद आचेवर, अंगणात वितळवा. राळ पेट घेते, म्हणून झाकण हाताशी असू द्या. पेटलीच तर झाकण टाका, पाणी मुळीच नको. आधी राळ, मग मेण, शेवटी पूड.

आता परीक्षा. काडीवर थेंब घेऊन पाण्यात सोडा, मग बोटांत वाकवा. तटकन तुटला तर चिमूटभर मेण वाढवा, नुसताच वाकत राहिला तर राळ. थोडा वाकून मग तुटला की झालं. पाणी मात्र माठातलं घेऊ नका. मे महिन्यात दुपारी गच्चीवरच्या टाकीचं घ्या. सुरीला त्याच उन्हाळ्यात राहायचं आहे. माठाच्या पाण्यात पास झालेल्या कितीतरी मुठी वडिलांकडे परत यायच्या.

बसवताना मुठीच्या भोकातला जुना मसाला खरवडून काढा. पात्याला ओलं फडकं गुंडाळा आणि मुठीत जाणारं टोकच तेवढं तापवा. पातं निळं पडलं तर धार गेली समजा, मग मूठ कितीही घट्ट बसो. भोकात मसाला ओता, टोक सरळ दाबा, गार होईपर्यंत हलवू नका. बाहेर आलेला मसाला कोमट असतानाच चाकूने छिला.

आणि ती सुरी गरम पाण्यात बुडवून घासू नका. घरात कोणी घासत असेल तर त्यांना आधी सांगून ठेवा.