टोरांटोतला पहिला हिवाळा आणि गाडीचे मॅट

गाडीबरोबर आलेले कापडी मॅट आत्ताच काढून ठेव. इथे खरा त्रास बर्फाचा नाही, तो वितळावा म्हणून रस्त्यावर टाकतात त्या मिठाचा. बुटांबरोबर ते खारं पाणी आत येतं, कार्पेटखाली मुरतं. मग काचांवर वाफ धरते आणि पत्रा गंजायला लागतो. तुझ्या मॉडेलच्या मापाचे, उंच काठाचे रबरी मॅट घे. महाग वाटतील, तरी घेच. जुन्या मॅटवर नवा मात्र टाकू नकोस, सरकून पेडलखाली अडकतो. बसताना आधी सीटवर टेकायचं, पाय बाहेर ठेवून बूट एकमेकांवर आपटायचे. साचलेलं राखाडी पाणी वेळच्या वेळी ओतून दे. पांढरे डाग पडलेच तर कोमट पाणी आणि पांढरं व्हिनेगर निम्मंनिम्मं करून फडक्याने टिपून घे. वास थोडा वेळ राहतो, त्याला इलाज नाही.