बाप-लेकातला अबोला आणि निरोप पोचवणारी आई

"मी मध्ये बोलले नाही तर आमच्या घरात कोणी कोणाशी बोलणारच नाही. मग मी गप्प कशी बसू?"

बाप-लेकाचं बोलणं बंद आणि आई दोघांच्या मध्ये, अशा घरांतून हा प्रश्न समुपदेशनाच्या कामात मला वारंवार ऐकू येतो. त्यातल्याच एका आईची गोष्ट तिच्या परवानगीने सांगते. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

मालतीताई नाशिकच्या. यजमान एसटीच्या वर्कशॉपमधून मेकॅनिक म्हणून निवृत्त झालेले, मुलगा 27 वर्षांचा, कारखान्यात सेकंड शिफ्टला. ताई माझ्याकडे आल्या त्या डोकेदुखीसाठी. सगळ्या तपासण्या करून डॉक्टरांनी पाठवलं होतं. घरात काही बिनसलंय का, असं विचारलं तर म्हणाल्या, "छे, दोघंही मनाने चांगले आहेत." मग थोडं थांबून, "फक्त बोलत नाहीत एकमेकांशी. 14 महिने झाले."

निमित्त काय, तर दसऱ्याला मुलाने नवी बाईक आणली. वडील म्हणाले, "विचारायचं तरी होतंस." मुलगा म्हणाला, "माझ्या पैशांनी घेतली, त्यात विचारायचं काय?" वडील "बरं" म्हणाले आणि आत गेले. तेव्हापासून घरात दोनच वाक्यं चालतात: "त्याला म्हणावं" आणि "बाबांना सांग".

एवढ्याशा गोष्टीवरून 14 महिने? ताईंनाही तेच कळत नव्हतं. कॅलिफोर्नियात पालो अल्टो इथे माणसांमधल्या संवादाचा अभ्यास करणाऱ्या पॉल वाट्झलाविक, जॅनेट बीव्हिन आणि डॉन जॅक्सन यांनी 1967 मध्ये मांडलेली एक गोष्ट इथे फार उपयोगी पडते. आपल्या प्रत्येक बोलण्याला दोन पदर असतात. एक मजकुराचा आणि दुसरा नात्याचा, म्हणजे मी तुझा कोण आणि तू मला काय समजतोस, याचा. मुलाने मजकुराला उत्तर दिलं: पैसे माझे. वडिलांचा प्रश्न मात्र नात्याचा होता. ज्या माणसाची हयात इंजिनं उघडण्यात गेली, त्याला घरात गाडी येताना कोणी विचारलं नाही. तो पैशांबद्दल बोलतच नव्हता.

पुढे दोघांनाही एकेकदा भेटले. वडिलांची हकीकत दसऱ्यापासून सुरू होत होती. मुलाची सुरू होत होती दहावीनंतर, त्याच्या डिप्लोमाचा फॉर्म वडिलांनी परस्पर भरला तिथून. "मला कुठे कोणी विचारलं होतं?" एकाच भांडणाची सुरुवात प्रत्येक जण आपल्या सोयीच्या जागी धरतो, हेही त्याच तिघांचं निरीक्षण. खरी सुरुवात शोधण्यात मी वेळ घालवत नाही. ती सापडत नाही.

ताईंना मी एक काम दिलं. आठवडाभर निरोप जसेच्या तसे वहीत लिहायचे: काय ऐकलं आणि पुढे काय सांगितलं. एक नोंद अशी होती. वडील: "त्याला म्हणावं, सर्व्हिसिंगची तारीख उलटून गेली, एवढं तरी बघ." ताईंनी मुलाला सांगितलं: "बाबांना काळजी वाटते रे तुझी, सर्व्हिसिंग करून घे." मुलगा: "त्यांना सांग, माझं मी बघतो." वडिलांपर्यंत पोचलं: "हो म्हणाला, करतो."

वही वाचताना ताईंना रडू आलं. आपण खोटं बोलतोय, असं त्यांना कधी वाटलंच नव्हतं. आणि आई साखर घालते, हे त्या दोघांनाही ठाऊक होतं. त्यामुळे निरोपातली खरी मायासुद्धा दोघं आईच्या खात्यावर टाकून मोकळे होत.

मरे बोवेन या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञाने 1954 पासून काही वर्षं रुग्णांच्या अख्ख्या कुटुंबांना रुग्णालयात राहायला आणून त्यांचा अभ्यास केला. दोघांमधला ताण असह्य झाला की तिसरं माणूस ओढलं जातं आणि हा त्रिकोण बराच काळ टिकून राहतो, असं त्याने मांडलं. टिकतो तो तिसऱ्याच्या जिवावर. ताईंचं डोकं दुखत होतं ते असं.

एक गोष्ट मला फार लागली. मुलगा रात्री बाराला येतो तेव्हा व्हरांड्यातला दिवा चालू असतो. मुलगा म्हणाला, "किती वाजता येतो यावर लक्ष ठेवतात." वडील म्हणाले, "अंधारात त्याला कुलपाचं भोक दिसत नाही." मी विचारलं, "हे त्याला सांगितलंत कधी?" तर म्हणाले, "त्यात सांगायचं काय?" गप्प बसलेला माणूसही सतत काहीतरी सांगतच असतो, पण समोरचा त्यातून काय घेईल, हे त्याच्या हातात राहत नाही. ते दिव्याचं मुलाला सांगून टाकावं, असं मला फार वाटलं. पण सांगितलं असतं तर मीही निरोप्याच झाले असते.

ताईंनी करायचं ते एवढंच: निरोप आला की शांतपणे म्हणायचं, "हे तुम्हीच त्याला विचारा," "हे तूच बाबांना सांग." दोघांशी बोलणं, जेवणखाण, हसणं नेहमीसारखं. रुसायचं नाही, बाजू घ्यायची नाही. आधी ताण वाढेल, हेही सांगितलं होतं. तसा तो वाढला. पहिले पंधरा दिवस वाईट गेले. वडील ताट घेऊन टीव्हीसमोर बसायला लागले, मुलगा बाहेरूनच खाऊन येऊ लागला. ताईंचा रोज फोन: "घर मोडेल का हो?"

इथे एक सांगायलाच हवं. घरात मारहाण, व्यसन किंवा दहशत असेल तर मध्ये उभी राहणारी आई ढाल असते. तिने बाजूला व्हायचं नाही. तिथे आधी सुरक्षितता, आणि मार्गही वेगळा.

तिसऱ्या आठवड्यात मुलगा कामावर निघाला होता. फाटकापाशी वडील म्हणाले, "चेन ढिली झालीय. आवाज येतोय." निरोप ठेवायला स्वयंपाकघरात कोणी नव्हतं, ताई देवळात गेल्या होत्या. मुलगा थांबला. "रविवारी बघता का?"

रविवारी अंगणातून पान्याचा आवाज येत होता. ताई दोन कप घेऊन निघाल्या, दारापर्यंत गेल्या आणि परत आल्या. कप ओट्यावर ठेवले आणि खिडकीतूनच हाक मारली, "चहा झालाय रे." नंतर मला म्हणाल्या, "इतकी वर्षं दोघं माझ्याकडेच यायचे. आज कोणी आलं नाही, तर पोटात खड्डा पडल्यासारखं झालं." त्यानंतरच्या चार भेटींत आम्ही त्या खड्ड्याबद्दलच बोललो.