कौलारू घर गळतंय, स्लॅब टाकू का?

प्रश्न: गुहागरजवळ आजोबांचं चिऱ्याचं घर आहे, आम्ही दोघं भाऊ बायकामुलांसकट शनिवार-रविवार जाऊन दुरुस्ती करतो पण पावसात माजघर गळतंच, सगळे म्हणतात स्लॅब टाका. काय करू?

उत्तर: अहो, स्लॅबची घाई नको! जुन्या मातीच्या जोडाईच्या भिंतींना ते वजन झेपेल की नाही हे इंजिनियरने बघितल्याशिवाय विषयच काढू नका. आधी वासे आणि रिपा (कौलं ज्यांवर टेकतात त्या आडव्या लाकडी पट्ट्या) स्क्रूड्रायव्हरने टोचून बघा, भुसभुशीत लागलं तर वाळवी नाहीतर कूज, ते बदलायचं आणि मग शाकारणी, म्हणजे कौलं काढून पुन्हा नीट बसवणं. मृग 7 जूनच्या आसपास लागतो, त्यामुळे माणसं एप्रिलमध्येच सांगून ठेवा, मे अखेरीला कोणी मिळत नाही. नवी कौलं आणताना जुनं एक नमुना म्हणून सोबत न्याच, कारण वेगवेगळ्या कारखान्यांच्या कौलांच्या खाचा जुळत नाहीत आणि पाणी नेमकं तिथूनच शिरतं. मुलांना छपरावर चढवू नका, खाली फुटकी-चांगली कौलं वेगळी करायला बसवा, आवडतं त्यांना. आणि रविवारी दुपारी काम बंद, पडवीत आंबे खा की, नाहीतर पुढच्या वेळी बायकामुलं यायचीच नाहीत!