कचोरी खाऊन मसल्स येतात का?

प्रश्न: ताई नमस्कार. मी 22 वर्षांचा, इंदूरच्या सुदामा नगरला राहतो. मागच्या वर्षी जिम लावली तेव्हा वजन 53 होतं, ट्रेनर म्हणाला खा खा खा, म्हणून मी पण सुटलोच. सकाळी पोहे-जलेबी, दुपारी घरचं जेवण, संध्याकाळी छप्पन दुकानच्या खाऊगल्लीत काहीतरी आणि आठवड्यातून तीन-चार रात्री मित्रांबरोबर सराफ्याच्या खाऊबाजारात. आता 58 झालंय पण सगळं पोटावर, दंड जैसे थे. एक जण म्हणतो बाहेरचं टोटल बंद कर, दुसरा म्हणतो डर्टी बल्क (वजन वाढवायला मिळेल ते खाणं) असाच असतो, नंतर कटिंग करायचं, म्हणजे चरबी उतरवायची. काय करू?

उत्तर: बाबा रे, ट्रेनरनं खा म्हटलं ते बरोबरच, पण काय खा ते सांगायचं राहिलं आणि तू पण विचारलं नाहीस. मसल वाढवायला रोजच्या गरजेपेक्षा तीन-चारशे कॅलरी जास्त लागतात, बस, एवढंच. तेलाचा एक मोठा चमचा म्हणजेच 120 कॅलरी होतात, म्हणजे कचोरी आणि दोन जलेब्या पोटात गेल्या की तुझा एक्स्ट्रा कोटा तिथेच संपला, त्यानंतरचा गराडू (तळलेला कंद), मालपुवा, रबडी सगळं पोटावर जमा. मग दंडाला काय मिळालं? दंडाला प्रोटीन लागतं, आणि तुझ्या दिवसात तेच सगळ्यात कमी आहे. वजन उचलणाऱ्या माणसाला किलोमागे साधारण 1.6 ग्रॅम प्रोटीन लागतं, म्हणजे तुला 90 च्या वर. आता तूच मोज, पोह्यांच्या प्लेटमध्ये जेमतेम 4-5 ग्रॅम, चार पोळ्यांचे 12, वाटीभर वरणाचे 6-7, कचोरीचे अजून चार, आणि सराफ्यात जे खातोस त्यात बहुतेक नावालाच. चाळीस ग्रॅम गाठताना दम लागतोय.

त्यामुळे मी तुला बाहेरचं बंद कर असं सांगणार नाही. इंदूरात राहून ते जमणार पण नाही, आणि तुझ्यासारख्या सडपातळ मुलाला कॅलरी हव्याच असतात. माझं म्हणणं एवढंच की आधी प्रोटीन पोटात गेलं पाहिजे, उरलेल्या जागेत कचोरी. सकाळच्या पोह्यांबरोबर दोन-तीन उकडलेली अंडी किंवा मोठा ग्लास दूध आणि मूठभर शेंगदाणे, दुपारी वरण एक वाटी ऐवजी दोन वाट्या आणि बरोबर दही, जिमनंतर 100 ग्रॅम पनीर, त्यात 18-20 ग्रॅम मिळतात. अंड्यात एका नगाला 6 धर. रात्री चिकन चालत असेल तर उत्तमच, शिजलेल्या 100 ग्रॅम ब्रेस्टमध्ये 30 च्या आसपास असतात.

बाहेर खाताना पण निवड करता येते की. छप्पनला गेलास तर बटाट्याच्या हॉट डॉगपेक्षा अंड्याचा बेंजो (पावात ऑम्लेट) घे आणि दोन अंड्यांचा बनवून माग. सराफ्यात दहीवडा माझ्या मते सगळ्यात समजूतदार पदार्थ, उडदाची डाळ आणि वर दही, तळलेला आहे हे खरं पण बाकीच्यांपेक्षा कितीतरी बरा. आपल्याकडची शिकंजी पण लिंबाची नसते, दुधाची असते, तेव्हा थोडं प्रोटीन त्यातूनही येतं, फक्त साखर बघ. भुट्ट्याचा म्हणजे मक्याचा कीस मला स्वतःला भयंकर आवडतो पण त्याला मसल फूड म्हणू नये, तो खाण्यासाठी खायचा.

आणि खरा घोळ सराफ्याच्या खाण्यात कमी नि त्याच्या वेळेत जास्त आहे. सोन्या-चांदीची दुकानं बंद झाल्यावर तिथे गर्दी होते, तुम्ही रात्री एक वाजता घरी येता, मग सकाळी सातला उठून जिम, म्हणजे झोप किती? मसलची दुरुस्ती आरामात होते, पाच तास झोपून तीन-चार रात्री काढल्यास तर पनीरही काही करणार नाही. शनिवारी जा ना, एकच दिवस. जिमच्या आधी तासाभरात तर कचोरी अजिबात नको, तेलकट पदार्थ पोटात बराच वेळ राहतो, स्क्वॉट मारताना ढेकर येतील.

डर्टी बल्कवाल्या मित्राला सांग की चरबी घालवायला जेवढे महिने लागतात तेवढे महिने मसल वाढत नाही, उलट थोडी जाते. महिन्याला एक किलो वाढलं तरी पुरे. कमरेला टेप लाव, वजनापेक्षा कंबर जास्त वेगानं वाढली की समज जास्त होतंय. अजून एक विचारते, वर्षभर डंबेल तेच तेच उचलतोयस का? वजन किंवा रेप्स (एका दमात किती वेळा उचलतोस ते) वाढले नाहीत तर कितीही खा, दंड का वाढेल?

प्रश्न: माझा मुलगा 19 वर्षांचा आहे. जिमहून आला की अॅपवरून बर्गर मागवतो आणि वर प्रोटीन पावडर पितो. घरचं जेवण तसंच राहतं. पावडरनं किडनी खराब होते असं शेजारच्या वहिनी सांगत होत्या. आम्हाला फार काळजी वाटते.
(रामचंद्र नगर)

उत्तर: काकू, व्हे पावडर म्हणजे दुधातलंच प्रोटीन, पनीर करताना जे पाणी निथळतं त्यातून काढलेलं. किडनी निरोगी असेल तर ठरलेल्या मात्रेनं काही होत नाही, पण घरात किडनीचा आजार असेल किंवा मुलाला बीपी, शुगर असेल तर क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) तपासून डॉक्टरांना विचारूनच द्या. डब्याचं सील आणि एफएसएसएआय नंबर (सरकारी अन्न परवान्याचा) बघा, सुट्टी पावडर जिममधून कुणाकडून घेतली असेल तर सरळ फेकून द्या. भांडण करायचं असेल तर बर्गरवरून करा, तेही रोजचा असेल तर, कारण त्यात मीठ आणि तूप-तेल भरपूर आणि भाजी नावापुरती. खरं सांगू का, जिमहून आल्यावर भूक कडकडून लागलेली असते आणि घरात गरम काही तयार नसतं, म्हणून हात मोबाईलकडे जातो. साडेसातला येत असेल तर सव्वासातला पोळी आणि अंडा भुर्जी तव्यावर ठेवून बघा, किंवा त्यालाच करायला लावा, 19 वर्षांचा आहे, भुर्जी जमेल.

प्रश्न: मी 41 वर्षांची, शुद्ध शाकाहारी, अंडं पण नाही. डॉक्टरांनी मसल वाढवायला सांगितलंय, हलके वेट्स चालू केलेत. ऑफिसहून येताना पाणीपुरी, समोसा होतोच. सोया खावं म्हणतात पण सोयानं हार्मोन्स बिघडतात ना? थायरॉइडची गोळी पण चालू आहे.
(राजेंद्र नगर)

उत्तर: माळव्यात राहून सोयाबीनला घाबरायचं म्हणजे कमाल आहे ताई, देशाची सोयाबीन संशोधन संस्था आपल्याच खंडवा रोडवर आहे! नेहमीच्या प्रमाणात खाल्लं तर ना बायकांचं काही बिघडतं ना पुरुषांचं, ती अफवा बरीच जुनी आहे. 50 ग्रॅम कोरड्या सोया वड्यांत 25 ग्रॅमच्या आसपास प्रोटीन असतं, भिजवून घट्ट पिळून पुलावात टाका, वर जीरावन मसाला भुरभुरा, घरातल्यांना कळणार पण नाही. पाणीपुरी आठवड्यातून दोनदा खाल्लीत तरी चालेल, समोसा मात्र कमी करा. फक्त थायरॉइडची गोळी सकाळी उपाशीपोटी घेता ना, त्यानंतर निदान चार तास सोया नको, गोळी नीट शोषली जात नाही. म्हणून वड्या दुपारी किंवा रात्रीच्या जेवणातच ठेवा.