कोरियाचा पूर्व किनारा आठ दिवसांत: उत्तरेचा छोटा टप्पा पुरे

आपला प्रश्न असा आहे की जुलैअखेर मैत्रिणीबरोबर आठ दिवस हाती आहेत, मैत्रीण शाकाहारी आहे, परतीचे विमान बुसानहून आहे आणि एवढ्या अवधीत दक्षिण कोरियाचा, उत्तरेकडच्या सोकचोपासून दक्षिणेकडच्या बुसानपर्यंतचा सगळा पूर्व किनारा पाहून होईल का. पाहून होईल, पण तसे करू नये, असे मी आग्रहाने सांगेन. मी आणि माझ्या मित्राने पहिल्या खेपेस नेमके हेच केले होते. आठ दिवसांत सहा मुक्काम झाले आणि रोजची दुपार सामान बांधण्यात व बसची वाट पाहण्यात गेली. दुसऱ्या खेपेस आम्ही फक्त उत्तरेकडच्या कांगनुंग आणि सोकचो येथे राहिलो, तेव्हा कुठे तो किनारा आम्हाला कळला.

या भागाचे सारे वैशिष्ट्य डोंगर आणि समुद्र यांच्या जवळिकीत आहे. सह्याद्री आणि कोकण आरशात पाहावेत, तशी तेबेक पर्वतरांग पूर्वेकडे तोंड करून उभी आहे. मात्र ती समुद्राच्या कितीतरी जवळ येते, त्यामुळे सकाळी सोकचोजवळच्या सोराक्सान डोंगराच्या कड्यावर असलेला माणूस दुपारी लाटांत उभा राहू शकतो. आपल्याकडच्या सवयीने ओहोटीची वेळ विचारू नका. कोरियाच्या पश्चिम किनाऱ्यावर इंचोनला पाण्याची पातळी आठ-नऊ मीटरपर्यंत चढते-उतरते, पण पूर्वेला हा फरक फूटभरसुद्धा जेमतेम असतो. पाणी स्वच्छ, निळे आणि लवकर खोल होणारे आहे. जमिनीवर मात्र पश्चिमेचा वारा डोंगर ओलांडून कोरडा व उष्ण होऊन उतरला की कांगनुंगच्या रात्री घामाने जागवतात, आणि तरीही जुलैच्या पाण्यात पाय टाकताच अंगावर शहारा येतो. पोहायचे ते जीवरक्षक असलेल्या, बोयांनी आखलेल्या भागातच. किनाऱ्यावरून आत ओढून नेणारे प्रवाह येथे खरोखरच निर्माण होतात.

तारखांविषयी माझे मत स्पष्ट आहे. जूनअखेरीपासून साधारण जुलैच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापर्यंत जांगमा, म्हणजे तिथला पावसाळा, असतो. तो संपताच सारा देश एकदम सुट्टीवर निघतो, त्यामुळे जुलैचा शेवटचा आणि ऑगस्टचा पहिला आठवडा खोल्यांसाठी सर्वांत महाग व दुर्मीळ असतो. आठ-दहा दिवस पुढे ढकलता आले तर ढकला. तेव्हा पाणीही थोडे उबदार झालेले असते. फक्त 15 ऑगस्ट हा कोरियाचाही मुक्तिदिन असल्याने त्याला जोडून येणारी गर्दी टाळा आणि वादळाच्या इशाऱ्यांकडे लक्ष ठेवा.

सोलहून कांगनुंगला वेगवान रेल्वेने सुमारे दोन तास लागतात. तेथे चार रात्री राहा. ग्योंगपोचा समुद्रकिनारा आणि त्यामागचे तळे सायकलवरून पाहण्यासारखे आहेत. ओजुकहोन हे विचारवंत यी यी यांचे 1536 मधील जन्मघर आहे. त्यांचे चित्र 5,000 वॉनच्या नोटेवर, तर त्यांची आई, चित्रकार शिन साइमदांग, यांचे 50,000 च्या नोटेवर आहे. नोट हातात धरून ते घर पाहताना एका आई-मुलाला दिलेला हा मान मला फार भावला. कांगनुंगजवळच्या जोंगदोंगजिनचे रेल्वेस्थानक अगदी समुद्राला लागून आहे. सूर्योदय सव्वापाचच्या सुमारास होतो, म्हणून आदली रात्र तिथेच काढा.

आपल्या मैत्रिणीच्या जेवणाचा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो, कारण प्रवासात एकाने उपाशी राहायचे आणि दुसऱ्याने संकोचाने जेवायचे, हे दोघांनाही जड जाते. कांगनुंगचे छोदांग गाव मऊ टोफूसाठी प्रसिद्ध आहे. तेथे सोयाबीनचे दूध फाडून घट्ट करण्यासाठी समुद्राचे पाणी वापरण्याची परंपरा आहे. पांढरा, साधा सुन्दुबु, म्हणजे हाच मऊ टोफू, मागवावा. लाल रश्श्याच्या प्रकारात बहुधा शिंपले किंवा मांस असते. बटाट्याचे धिरडे, म्हणजे कामजाजोन, हा दुसरा आधार. किमचीत मात्र बहुतेक वेळा खारवलेल्या मासळीचा अंश असतो आणि साध्या दिसणाऱ्या सारातही सुक्या मासळीचे पाणी असते. ‘मांस नको’ एवढे सांगून भागत नाही. मांस, मासे, शिंपले व मासळीचे पाणी असे चारही शब्द कोरियनमध्ये लिहिलेला कागद जवळ ठेवा.

सोकचोला अद्याप रेल्वे नाही. कांगनुंगहून बस मिळते. तेथील तीन रात्रींपैकी एक पूर्ण दिवस सोराक्सानमधील उल्सानबावी या खडकाळ शिखराला द्या. जाऊन-येऊन चार तास लागतात आणि शेवटचा जिना दमवतो. शहरातील आबाई गावात आज उत्तर कोरियात असलेल्या हामग्योंग प्रांतातून कोरियन युद्धाच्या काळात आलेली कुटुंबे वसली. लवकरच परत जाता येईल या आशेने ती सीमेजवळ थांबली आणि तिथेच राहून गेली. त्या वस्तीत जाणारी सपाट नाव प्रवाशांनी स्वतः तार ओढून पैलतीरी न्यायची असते. वाटेत यांगयांगचे नाकसानसा हे 671 मध्ये स्थापन झालेले मंदिर आहे. 2005 च्या वणव्यात ते बहुतांशी जळाले आणि पुन्हा उभारले गेले. समुद्राकडे तोंड केलेला तेथील मंडप सकाळीच पाहा.

उरला बुसानचा प्रवास. 1 जानेवारी 2025 पासून कांगनुंग ते बुसान अशी किनाऱ्यालगतची रेल्वे पूर्ण झाली आहे, त्यामुळे शेवटच्या दिवशी सोकचोहून सकाळच्या बसने कांगनुंगला येऊन ती गाडी पकडता येते. विमान रात्रीचे असेल तरच हे जमेल. नसेल तर सोकचोची एक रात्र कमी करून ती बुसानला द्या. मार्गात बोगदे पुष्कळ आहेत, पण ज्या थोड्या ठिकाणी समुद्र दिसतो तो डाव्या हाताला दिसतो, तेव्हा जागा त्या बाजूच्या घ्या.