निवेदन मुलीचं, भाषा बाबांची

तुमचं पत्र आणि सोबतचं दोन पानी निवेदन वाचलं. मुलगी बी.एफ.ए. पेंटिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. एम.एफ.ए.साठी पोर्टफोलिओबरोबर ‘आर्टिस्ट स्टेटमेंट’, म्हणजे स्वतःच्या कामाविषयीचं निवेदन, द्यायचंय, ते तुम्ही लिहिलंत आणि मी त्यावरून हात फिरवावा, शिवाय ‘एकच शैली धर’ असं तिला बजावावं, अशी तुमची अपेक्षा आहे.

यातलं एकही मी करणार नाही.

‘मानवी अस्तित्वाचा चिरंतन शोध’ हे शब्द तिचे नाहीत, हे पहिल्या ओळीतच कळतं. ती एसटी स्टँडवर बसून बायकांची स्केचेस करायची, असं तुम्हीच लिहिलंय. मग त्या बायका निवेदनात कुठे आहेत? मुलाखतीत कुणी विचारलं, ‘हा राखाडी पट्टा इथेच का थांबवलास?’ तर पाठ केलेलं अस्तित्व काय कामाचं? तुमची काळजी खरी आहे, पण तिला काय दिसतं हे तिच्या वतीने तुम्ही सांगायचं, ही दमदाटीच झाली. सभ्य भाषेतली, इतकंच. ‘तिला लिहिता येत नाही’ असं पत्रात पुन्हा पुन्हा येतं. घरात तिला बोलू तरी देता का?

‘दरवर्षी शैली बदलते, म्हणजे दिशा नाही,’ हा तुमचा मोठा गैरसमज. चित्रकार वासुदेव गायतोंडे 1948 साली मुंबईच्या जे.जे. स्कूल ऑफ आर्टमधून डिप्लोमा घेऊन बाहेर पडले, तेव्हा ते माणसांच्या आकृत्या काढत. लघुचित्रांचा, युरोपीय चित्रकार पॉल क्लीचा प्रभाव दिसे. पुढे आकृती पार गेली. चित्रकार एस. एच. रझा आधी निसर्गचित्रं करायचे. त्यांची ओळख बनलेला बिंदू, तो गोल, त्यांच्या कामाच्या मध्यभागी आला तो पन्नाशीनंतर. चित्रकार प्रभाकर बरवे बनारसला विणकर सेवा केंद्रात असताना तंत्रमार्गातल्या प्रतीकांकडे वळले, नंतर साध्यासुध्या वस्तूंकडे. आणि हे सगळं डोक्यात कसं घडतं ते डायऱ्यांत लिहीत राहिले, त्यावर मराठीत ‘कोरा कॅनव्हास’ हे पुस्तकही केलं. विशीत शैली पक्की झालीच, तर मला जास्त चिंता वाटेल.

तिला सांगा, तीन वर्षांतली तीन चित्रं भिंतीला टेकवून ठेव आणि मैत्रिणीशी बोल. बाबांशी नको. जलरंग का सुटले? चित्रातून माणसं गेली, पण त्यांच्या लुगड्यांचे रंग राहिले का? कुठलं चित्र खरवडून पुन्हा केलं? बोलणं फोनवर रेकॉर्ड करायचं, मग मराठीतच उतरवायचं. कुठे अडलं असेल तर तेही लिहायचं. इंग्रजी शेवटी. पान-दीड पान पुरे.

बडोदा, शांतिनिकेतन, जे.जे. यांच्या तारखा आणि अटी त्या त्या संस्थेच्या संकेतस्थळावर पाहा. ‘निदान ड्रॉइंग टीचर तरी’ हा पर्याय वाईट नाही. मात्र तो ‘निदान’ म्हणून निवडणारा शिक्षक चाळीस पोरांचं चित्रकलेशी वाकडं करतो, तेव्हा तोही निर्णय तिचाच असू द्या.

यापुढचं पत्र तिने लिहावं. शुद्धलेखन तपासू नका.