स्वयंपाकघर-ट्रेलर ओढण्यासाठी कोणता पिकअप घ्यावा?

प्रश्न : इंदूरमध्ये आमचा केटरिंगचा व्यवसाय आहे. महेश्वरकडील लग्नाची कामे वाढल्यामुळे आम्ही दोन ॲक्सलचा स्वयंपाकघर-ट्रेलर बनवून घेतला असून, बनवणाऱ्याच्या सांगण्यानुसार त्याचे रिकामे वजन ११५० किलो आहे. थोरले बंधू म्हणतात की माल वाहणारा साधा पिकअप पुरेसा आहे. माझा कल मात्र टोयोटा हायलक्स किंवा इसुझू व्ही-क्रॉस यांच्याकडे आहे. कृपया मार्गदर्शन करावे. (एक वाचक, इंदूर)

उत्तर : आपण गाड्यांच्या शोरूममध्ये जाण्याआधी एकदा ट्रेलर कामाला निघतो तसा पूर्ण भरून धर्मकाट्यावर (वाहनांच्या वजनकाट्यावर) न्यावा. बनवणाऱ्याने सांगितलेला आकडा रिकाम्या सांगाड्याचा आहे आणि आपण सांगाडा ओढणार नाही. ३०० लिटरची पाण्याची टाकी भरली की तेथेच ३०० किलो वाढले; १९ किलो गॅसचा व्यावसायिक सिलिंडर भरलेला असताना सुमारे दुप्पट वजनाचा असतो, म्हणजे दोन सिलिंडरांचे सत्तर किलो धरावेत; शेगड्या, पातेली, फ्रीज आणि किराणा यांचे तीनशे किलो सहज होतात. अशा रीतीने आपला ट्रेलर १८०० किलोंच्या घरात जातो. निवड या आकड्यावर करावी.

या वजनाचा साधारण दहावा हिस्सा, म्हणजे १८० किलो, ट्रेलर पिकअपला जोडला जातो त्या जोडाच्या टोकावर, अर्थात पिकअपच्या मागच्या भागावर यायला हवा. तो फार कमी झाला, उदाहरणार्थ पाण्याची टाकी मागच्या टोकाला बसवली, तर वेग वाढताच ट्रेलर शेपटीसारखा डोलू लागतो. नेमका हाच भार खरेदीच्या वेळी बहुतेकांच्या हिशेबातून सुटतो, कारण तो पिकअपच्या स्वतःच्या भारक्षमतेतून वजा होतो. आत चार माणसे बसली तर आणखी सुमारे २८० किलो. हौदात एकही वस्तू न ठेवता ४६० किलो झाले. दुहेरी केबिनच्या देखण्या गाड्यांची भारक्षमता पुष्कळदा खरेदीदाराच्या अपेक्षेपेक्षा कमी असते. बंधूंच्या म्हणण्यात येथे तथ्य आहे : माल वाहणाऱ्या पिकअपच्या मागच्या पाटा-स्प्रिंगा अशा भारासाठीच घडवलेल्या असतात. मात्र त्याचे इंजिन आणि ब्रेक स्वतःच्या मालासाठी आखलेले असतात, मागून ढकलणाऱ्या आणखी पावणेदोन टनांसाठी नव्हे.

ओढण्याच्या ताकदीविषयी फार बोलण्याची गरज नाही. भारतातील हायलक्सचे २.८ लिटरचे डिझेल इंजिन मॅन्युअल गिअरमध्ये ४२० आणि ऑटोमॅटिकमध्ये ५०० न्यूटन-मीटर टॉर्क (फिरवण्याचा जोर) देते, तर व्ही-क्रॉसचे १.९ लिटरचे इंजिन ३६० देते. सपाट रस्त्यावर दोन्ही पुरेत. घाटात भरलेल्या ट्रेलरसह थांबून पुन्हा निघायचे असेल, तर ऑटोमॅटिकमध्ये क्लच जळण्याची चिंता राहत नाही, म्हणून मी तिकडे झुकेन. परदेशात याच नावाच्या गाड्यांना ब्रेक असलेला साडेतीन टनांचा ट्रेलर ओढण्याची मुभा दिलेली आढळेल. त्या आकड्यावर विसंबू नये. इकडील गाडीच्या माहितीपुस्तिकेत ट्रेलरचे आणि एकत्रित वजनाचे जे बंधन लिहिले असेल, तेच आपल्याला लागू. तेथे उल्लेखच नसेल, तर कंपनीकडून लेखी उत्तर मागावे आणि जोडाचा सांगाडाही कंपनीने मान्य केलेलाच बसवावा.

आपल्या बाबतीत खरी परीक्षा थांबण्याची आहे. इंदूर समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटरवर आहे आणि महेश्वर सुमारे १५० मीटरवर. माळव्याच्या पठारावरून निमाडात उतरताना हा फरक बहुतांशी मानपूरपलीकडच्या घाटातच पडतो. तेथील गणपती घाटात ब्रेक निकामी होऊन झालेले ट्रकांचे अपघात इंदूरकरांना सांगायला नकोत. म्हणून ट्रेलरला स्वतःचे ब्रेक हवेतच. ट्रेलर पुढे रेटला की आपोआप लागणारे ब्रेक स्वस्त असतात, परंतु लांब उतारावर ट्रेलर सतत रेटत राहिल्याने तेही सतत लागून तापतात. केबिनमधून नियंत्रित होणारे विजेचे ब्रेक महाग असले, तरी त्यांचा एक मोठा गुण आहे : ट्रेलर डोलू लागल्यास गाडीचा ब्रेक न दाबता, ॲक्सिलरेटर सोडून फक्त ट्रेलरचा ब्रेक हलकेच लावता येतो. उताराच्या माथ्यावरच खालचा गिअर घ्यावा. अर्ध्या घाटात ती आठवण झाली, तर उशीर झालेला असतो. पाण्याची टाकी शक्यतो महेश्वरला पोहोचून भरावी. ३०० किलो कमी करण्याचा इतका सोपा उपाय दुसरा नाही, शिवाय अर्धवट भरलेल्या टाकीतील पाण्याचे हेलकावेही टळतात.

तेव्हा पुस्तिकेतील ट्रेलरच्या वजनाची मर्यादा १८०० किलोंहून जास्त असेल आणि भारक्षमता ४६० किलोंना पुरत असेल, तर ऑटोमॅटिक हायलक्स घ्यावी. भारक्षमता अपुरी पडत असेल, तर दोन माणसांना दुसऱ्या वाहनाने पाठवावे, पण हिशेब मोडू नये.

प्रश्न : ट्रेलरच्या मागे कोणता क्रमांक लावायचा? (त्याच वाचकांकडून)

उत्तर : मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ६१ नुसार ट्रेलरचा स्वतःचा नोंदणी क्रमांक त्याच्या बाजूवर असतो आणि ट्रेलरवर ओढणाऱ्या वाहनाचा क्रमांकही दाखवावा लागतो. त्यामुळे एखाद्या वेळी ट्रेलर भाड्याच्या पिकअपला जोडला, तर ही पाटी बदलूनच निघावे.